नसलेल्या पैशांवर बहात्तर टक्के

[पडद्यावर: बचत खात्याचं एका महिन्याचं विवरण. बोट एका ओळीवर थांबतं.]

खासगी बँकेतलं एक साधं बचत खातं धरून चालू. शहरातली शाखा आहे आणि सरासरी मासिक शिल्लक १०,००० रुपये हवी. या खात्यात महिनाभर ४,००० होते, म्हणजे तूट ६,००० ची. बड्या खासगी बँकांच्या दरपत्रकात या तुटीवर ६ टक्के दंड छापलेला सापडतो, कमाल मर्यादा कुठे ५०० रुपये, कुठे ६००. सहा हजारांचे सहा टक्के ३६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६४ रुपये ८० पैसे. एकूण ४२४ रुपये ८० पैसे खात्यातून गेले.

दंडावरही जीएसटी लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सरकार त्याला सेवेचं शुल्क मानतं. कोणती सेवा, ते विचारू नका.

पुढच्या महिन्यात या खात्यात कुणी हात घातला नाही, तरी तूट वाढलेली असते. ती वाढवली कुणी? आधीच्या दंडानेच. आता साधारण ४५५ रुपये जातात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तो दर महिन्याला येतो.

महिन्याला ६ टक्के म्हणजे वर्षाला ७२. क्रेडिट कार्डाचं बिल थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि आपण त्याला सावकारी म्हणतो. पण कार्डावर निदान वस्तू तरी घरी आलेली असते. इथे खातेदाराने बँकेकडून एक रुपयाही उचललेला नाही. उलट त्याचेच चार हजार बँकेत पडून आहेत, वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास व्याजावर.

[पडद्यावर: अमेरिकेतल्या शहरातला रस्ता, बँकांच्या पाट्या.]

अमेरिकेत हा वाद ओव्हरड्राफ्टवरून पेटला. तिथल्या बँका खात्यात नसलेले पैसे खर्चू द्यायच्या आणि अशा एकेका व्यवहाराला ३५ डॉलरच्या आसपास शुल्क लावायच्या. वेल्स फार्गो बँकेने त्यात आणखी एक कसब दाखवलं. दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमाने झाले तसे नोंदवायचे सोडून सगळ्यात मोठी रक्कम आधी वळती करायची. मोठी रक्कम आधी गेली की खातं लगेच रिकामं होतं, आणि मागे उरलेल्या किरकोळ खर्चांपैकी प्रत्येकावर वेगळं शुल्क बसतं. खर्च तेवढाच, फक्त क्रम बदलायचा. २०१० साली कॅलिफोर्नियातले संघीय न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी बँकेला २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायला सांगितलं. वरच्या न्यायालयांत बँक पुढे बरीच वर्षं भांडली, आकडा टिकला.

आपल्याकडच्या साध्या बचत खात्यात अशी उचल मिळत नाही. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे, तो अपवाद. बाकी पैसे संपले की एटीएम नकार देतं, चेक परत जातो, कर्जाचा हप्ता परत जातो. परत गेलेल्या हप्त्याचं शुल्क आपली बँक घेते आणि कर्ज देणारी संस्थाही घेते. पण सगळ्यात जास्त लोकांना, सगळ्यात गुपचूप लागतो तो किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड.

[पडद्यावर: मुंबई, फोर्ट. रिझर्व्ह बँकेची इमारत.]

याच इमारतीतून एप्रिल २०१४ मध्ये एक वेगळी सूचना निघाली होती. गव्हर्नर होते रघुराम राजन. त्या महिन्याच्या पतधोरणात म्हटलं होतं, की ग्राहकाच्या अडचणीचा किंवा बेसावधपणाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी पडली तर दंड लावण्याऐवजी त्या खात्यावरच्या सोयी कमी कराव्यात, मूलभूत बचत खात्याला, म्हणजे किमान शिल्लकीची अट नसलेल्या मोजक्या सोयींच्या खात्याला, मिळतात तेवढ्याच ठेवाव्यात आणि शिल्लक भरली की पूर्ववत कराव्यात.

किती सरळ उपाय होता! ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, सोयी घ्यायच्या.

सात महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०१४ ला, अंतिम परिपत्रक आलं तेव्हा दंडाला मुभा मिळालेली होती. मुभेला अटी होत्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून त्या लागू झाल्या. आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. किमान एक महिन्याची मुदत द्यायची. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. तो वाजवी हवा, सेवा पुरवण्याच्या सरासरी खर्चाशी विसंगत नको. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

यातल्या दोन अटी शेजारी ठेवून पाहा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा आणि खर्चाला धरूनही हवा. पण खातं सांभाळायचा खर्च तुटीप्रमाणे कमीजास्त कुठे होतो? एसएमएस पाठवायला, केवायसी तपासायला, सर्व्हरवर नोंद ठेवायला चार हजारांच्या खात्याला जेवढं लागतं तेवढंच नऊ हजारांच्या खात्याला लागतं. मग खर्च वसूल करायचा तर दोघांकडून सारखाच घ्यायला हवा. बँका मात्र नऊ हजारवाल्याकडून ६० रुपये घेतात आणि चार हजारवाल्याकडून ३६०. ज्याच्याकडे जितकं कमी, त्याला तितकं जास्त.

बँकेचा दुसरा युक्तिवाद असा, की शिल्लक कमी राहिली तर आमचं उत्पन्न बुडतं. हाही हिशेब करू. समजा ते ६,००० रुपये बँकेला मिळाले असते, तिने ते ९ टक्क्यांनी कर्जाऊ दिले असते आणि खातेदाराला अडीच टक्के दिले असते. मधले साडेसहा टक्के धरले तर वर्षाचे ३९० रुपये होतात. महिन्याला साडेबत्तीस. साडेबत्तीस बुडाले म्हणून वसूल केले ३६०.

दरपत्रकात शुल्क छापलेलं असतं. ज्या सरासरी खर्चाशी ते जुळायला हवं, तो खर्च दरपत्रकात छापलेला नसतो. अट घातली रिझर्व्ह बँकेने, आणि ती पाळली जाते का हे पडताळायचा आकडा राहिला बँकेच्या कपाटात.

[पडद्यावर: नरिमन पॉइंट, स्टेट बँकेचं मुख्यालय.]

स्टेट बँकेने हा दंड २०१२ मध्ये बंद केला होता. एप्रिल २०१७ मध्ये तो परत आला. महानगरात ५,००० रुपये, शहरात ३,०००, निमशहरी भागात २,०००, खेड्यात १,०००. तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी कारण लपवलं नाही. कोट्यवधी जनधन खात्यांचा भार बँकेवर आहे, तो उचलायला काही शुल्क लागेलच, असं त्यांचं म्हणणं होतं.

भार खरा होता. जनधन हे सरकारचं धोरण होतं, त्याचा खर्च बँकांच्या गळ्यात पडला. पण तो उतरवला कुणाच्या डोक्यावर? मोठ्या ठेवीदाराला हा दंड कधी लागतच नाही. जनधनवाल्याला नियमानेच माफ. राहिला तो मधला, शून्य शिल्लकीचं खातं मागण्याइतका गरीब नसलेला आणि पाच हजार अडकवून ठेवण्याइतका सुस्थितीतही नसलेला. अतिगरिबाच्या खात्याचा खर्च साध्या गरिबाने भरला.

त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या दंडातून १,७७१ कोटी रुपये जमवले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा बँकेचा निव्वळ नफा होता १,५८२ कोटींच्या आसपास. आकडे बाहेर आले, ओरड झाली, दर खाली आले आणि मार्च २०२० मध्ये बँकेने हा दंड सर्व बचत खात्यांवरून उठवला. बँक बुडाली नाही.

[पडद्यावर: संसद भवन.]

बाकीच्यांचं चालूच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री, आपल्या छत्रपती संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड यांनी राज्यसभेत आकडे दिले. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका मिळून २०१८ पासून किमान शिल्लकीच्या दंडातून २१,००० कोटींहून जास्त. जादा एटीएम व्यवहारांतून ८,००० कोटींहून जास्त. एसएमएसच्या शुल्कातून आणखी ६,००० कोटींच्या वर. ज्या एसएमएसने दंडाची खबर येते, त्याचेही पैसे.

वर्षभराने संसदेत किमान शिल्लकीच्या दंडाचा फक्त सरकारी बँकांचा हिशेब आला. २०२३-२४ पर्यंतच्या पाच वर्षांत साधारण ८,५०० कोटी, आणि यातली बहुतेक वर्षं स्टेट बँक त्यात नव्हतीच.

[पडद्यावर: पवई, आयआयटी मुंबईचं आवार.]

दंड माफ असलेली खाती तरी सुटली का? मूलभूत बचत खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात. त्यापुढे किती वेळा काढू द्यायचे ते बँकेने ठरवावं, पण त्याचं शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. आयआयटी मुंबईतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की स्टेट बँक अशा खात्यांवर चौथ्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती. पंधरा रुपये अधिक जीएसटी. त्यात यूपीआयने केलेले व्यवहारही आले. १२ कोटींच्या आसपास खाती आणि २०१५ ते २०२० मध्ये ३०० कोटींहून अधिक रक्कम. टपरीवर चहाचे दहा रुपये यूपीआयने दिले तर शुल्क चहाहून महाग.

हे एका प्राध्यापकाला कागद उपसून शोधावं लागलं, ही यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट. डिजिटल व्यवहारांवर १ जानेवारी २०२० नंतर घेतलेलं शुल्क परत करा, असं प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं. त्याआधीच्या वसुलीला तो आदेश लागू नव्हता.

[पडद्यावर: कारखान्याचं फाटक, पाळी सुटते आहे.]

हा दंड नेमका लागतो कधी, तेही पाहा. पगाराचं खातं शून्य शिल्लकीचं असतं. नोकरी सुटते, साधारण तीन महिने पगार जमा होत नाही, आणि खातं आपोआप साध्या बचत खात्यात जातं. म्हणजे हाती काम नसतानाच दहा हजारांची अट सुरू होते. एसएमएस येतो, पण तो ओटीपी आणि जाहिरातींच्या ढिगात पडलेला असतो. खातं उणे करायचं नाही या नियमातूनही वाट निघते. शिल्लक शून्यावर आली की थकलेला दंड मांडून ठेवायचा आणि पुढची रक्कम जमा होताच वळता करायचा. अशा तक्रारी थांबलेल्या नाहीत.

खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या, असा अर्ज शाखेत करता येतो. त्याच बँकेत दुसरं बचत खातं नसावं अशी अट आहे. काउंटरवरचा माणूस हे स्वतःहून सांगेल या भरवशावर राहू नये.

[पडद्यावर: वर्तमानपत्रांचे मथळे, जून ते ऑगस्ट २०२५.]

२०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने हा दंड काढून टाकला. जुलैत पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक त्याच वाटेने गेल्या. याला दया म्हणायची गरज नाही. लोक पैसा म्युच्युअल फंडांकडे आणि मुदत ठेवींकडे वळवत होते, बचत खात्यांतला स्वस्त पैसा आटत होता आणि ग्राहक टिकवणं दंडापेक्षा किफायतशीर झालं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक १०,००० वरून थेट ५०,००० केली. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या गोझारिया गावी एका कार्यक्रमात गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना याबद्दल विचारलं गेलं. किमान शिल्लक किती ठेवायची हे रिझर्व्ह बँकेने बँकांवर सोपवलेलं आहे, ते आमच्या नियमनाच्या कक्षेत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. दोनच दिवसांत बँकेने लोकांचा संताप पाहून ५०,००० चे १५,००० केले. तुटीवरचे सहा टक्के तसेच राहिले.