ग्रेटिंग न सरकवता फेज टोमोग्राफी

मऊ ऊती क्ष-किरण फारसे शोषत नाहीत, पण त्यांना किंचित वळवतात. २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पाण्याच्या बाबतीत फेजचा (लहर किती मागेपुढे सरकते याचा) गुणांक शोषणाच्या गुणांकाच्या हजारपटीहून मोठा असतो. म्हणून साध्या सीटीत (अनेक कोनांतल्या चित्रांवरून आतले छेद काढण्याच्या रीतीत, म्हणजेच टोमोग्राफीत) जवळजवळ एकसारख्या राखाडी दिसणाऱ्या मऊ ऊती फेजच्या चित्रात वेगवेगळ्या दिसू शकतात.

हे वळण मायक्रोरेडियनांत मोजायचं. नमुन्यामागे सिलिकॉनचं ग्रेटिंग, म्हणजे समान अंतरावर बारीक रेघा कोरलेली चकती, रेघांचं अंतर ४ मायक्रॉन, खोली सुमारे ३२ मायक्रॉन. त्याच्या १२ सेंटिमीटर पुढे सोन्याचं, २ मायक्रॉनचं. पहिल्या ग्रेटिंगमुळे दुसऱ्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. किरण वळले की ते पट्टे सरकतात आणि सोन्यामागच्या पिक्सेलची तीव्रता बदलते. पण ती शोषणानेही बदलते. दोन्ही वेगळं करण्यासाठी सोन्याचं ग्रेटिंग अर्ध्या-अर्ध्या मायक्रॉनने सरकवून प्रत्येक कोनात चार चित्रं घ्यायची, ही रूढ रीत.

आता हिशेब करा. अर्ध्या फेऱ्यात ७२० कोन, म्हणजे २८८० चित्रं. एका चित्राला १०० मिलिसेकंद, आणि सरकून स्थिर व्हायला ३०० मिलिसेकंद धरले, तर १९ मिनिटं. त्यातली १४ नुसती थांबण्यात जातात!

२०१० साली बीजिंगचे पेइपिंग झू आणि स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. सोन्याचं ग्रेटिंग सरकवल्यावर पिक्सेलची तीव्रता वरखाली होते, तिच्या वक्राच्या उताराच्या मध्यावर ते एकदाच, म्हणजे पाव पट्टा बाजूला, लावून ठेवायचं आणि नमुना न थांबता पूर्ण ३६० अंश फिरवायचा. शून्य आणि १८० अंशांची चित्रं घ्या, दुसरं आरशासारखं उलटवा. शोषण दोन्हींत सारखंच, वळणाचं चिन्ह मात्र उलट. बेरजेतून शोषण मिळतं; वजाबाकीला बेरजेने आणि पट्ट्यांच्या ठळकपणाने (उजेड आणि अंधारातल्या फरकाने) भागलं की वळण. १४४० चित्रं, १४४ सेकंद. नमुन्यावरचा किरणांचा मारा निम्मा होतो, ही मला वेगाइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

चित्रं निम्मी झाली की गोंगाट वाढणारच. त्यावर उपाय पट्ट्यांचा ठळकपणा: तो दुप्पट केला तर चौपट प्रकाश दिल्याइतका फायदा. ग्रेटिंगवर खर्च करायचा तो इथे.

बिघडतं कुठे? उलटवलेलं चित्र अर्धा पिक्सेल जरी चुकलं, तरी हाडाची कड वजाबाकीत उरते आणि वळण असल्याचा भास होतो. म्हणून आधी बारीक तारेवर फिरण्याचा अक्ष तपासा. २० मिलिमीटरच्या चित्रात ग्रेटिंग एकमेकांशी ०.१ मिलिरेडियनने तिरकी असली, तर एक पूर्ण मोआरे पट्टा (दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यावर दिसणारा रुंद पट्टा) येतो आणि मग सगळे पिक्सेल उतारावर राहतच नाहीत. तापमानाने सोन्याचं ग्रेटिंग ०.१ मायक्रॉन सरकलं, तर पट्ट्याच्या जागेत १८ अंशांची चूक (एक पूर्ण पट्टा म्हणजे ३६० अंश). नमुन्याशिवाय घेतलेल्या रिकाम्या चित्रांवरून ती पकडता येते, ती स्कॅनच्या आधी आणि नंतरही घ्या.

ही रीत पट्टे पाव पट्ट्यापर्यंत सरकतात तोवरच चालते. हवेच्या बुडबुड्याच्या कडेवर किरण त्यापलीकडे वळू शकतात. नमुना पाण्यात बुडवा आणि बुडबुडे निर्वात पंपाने आधीच काढा.