वाकळीवर नाव कोणाचं?

(मिरज. शिंप्याच्या दुकानामागची खोली. जमिनीवर पसरलेली वाकळ, म्हणजे गोधडी.)

खाली जुनं इरकली लुगडं. त्यावर धुऊन धुऊन मऊ झालेली दोन धोतरं. कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा. आणि वाकळीवरच मांडी घालून बसलेले हे काका. उभी हयात शर्ट-पँटी शिवण्यात गेली. आता मशीन मुलाकडे आहे, सुई अजून यांच्याकडेच.

हाताकडे बघा. चार-पाच टाके सुईवर एकदम घ्यायचे, मग दोरा ओढायचा. साधा धावदोरा. कडेपासून सुरुवात, आणि चौकोनात फिरत फिरत आत. डावा तळवा सतत पुढचं कापड सारखं करत असतो, कारण इथे चुणी राहिली की ती कायमची. वरचा थर दुकानातल्या कातरणीचा: सफारीचा करडा, शाळेच्या गणवेशाची खाकी, कुणाच्या तरी लग्नाच्या सुटाचा गडद निळा. टेरिकॉटमध्ये सुई सहज शिरत नाही, म्हणून बोटातलं अंगुस्तान निघत नाही.

वाकळ म्हटली की आपल्याला आजी आठवते. बरोबरच आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत घरच्या वाकळी बायकांनीच शिवल्या आणि त्याचं मोल कुणी केलं नाही. पण त्याच गावांत पिंजारी कापूस पिंजून गाद्या-रजया भरत होते, टाके घालत होते. शिंपी उरलेले तुकडे जोडत होते. त्यांच्या कामाला आपण धंदा म्हटलं, आणि त्यातली कला बघायची राहून गेली.

दूर वेल्समध्ये, रेक्सहॅम गावात, जेम्स विल्यम्स नावाचा एक लष्करी शिंपी होता. १८४२ ते १८५२, अशी दहा वर्षं फावल्या वेळात त्याने एकच क्विल्ट, म्हणजे तिकडची वाकळ, केली. लोकरी कापडाचे ४,५२५ तुकडे! त्यांत बायबलमधला आदम आहे, नोहाची नौका आहे, आणि त्याच्या काळातला मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूलही आहे. आज ती कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयाच्या संग्रहात आहे, विल्यम्सच्या नावानिशी. फ्रान्सिस ब्रेली हा ब्रिटिश फौजेतला साधा शिपाई. त्याने तर आपली क्विल्ट भारतात असतानाच शिवली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपली आहे. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या गोल्डन शहरातल्या क्विल्ट संग्रहालयात तर फक्त पुरुषांनी केलेल्या क्विल्टची प्रदर्शनं भरत आली आहेत.

(पुन्हा मिरज. सतारमेकर गल्ली.)

कारागिराच्या नावाची किंमत मिरजेला वेगळी सांगायला नको. इथली सतार आणि तंबोरा कुणाच्या हातचा, हे गवई आधी विचारतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

काकांची एक वाकळ मागे एका प्रदर्शनात मांडली होती. लोक थांबत होते, हात फिरवून बघत होते. चिठ्ठीवर दोनच गोष्टी: 'गोधडी' आणि किंमत. एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "काकूंनी शिवली का हो?" काका नुसतं "मी शिवली" म्हणाले. बाईंनी पुन्हा एकदा वाकळीकडे पाहिलं, या वेळी जवळ जाऊन, टाके बघत.

असं जवळून बघायला मिळायला हवं. त्यासाठी फार खर्च येत नाही. टेबलावर घडी करून ठेवलेल्या वाकळीचा एक चतकोरच दिसतो. तिच्या मागे, वरच्या कडेला कापडाची लांब नळी शिवायची, त्यातून काठी ओवायची आणि ती टांगायची. सगळं वजन काठीवर येतं, खिळ्यांनी कापड फाटत नाही. भिंतीपासून हातभर पुढे टांगली तर मागची बाजूही दिसते, आणि शिवणाऱ्याचा हात खरा तिथेच कळतो. मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवायची. तिच्यावर नाव, गाव, वर्ष. सांगली-साताऱ्यात पुढचं प्रदर्शन जे कुणी भरवतील, त्यांनी एवढं करावं. बाईची वाकळ असो की बुवाची, पट्टी दोघांच्याही वाकळीला हवी.