भेटीसोबत द्यायचे ते कापड

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सदस्य आणि स्नेहीजन हो,

दिवाळीपासून नाताळापर्यंत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रंगीत कागदाची दोन-तीन भेंडोळी तरी येतात, आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळा कागद चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत जातो. आता संक्रांत तोंडावर आली आहे, रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होईल, तेव्हा वाण कसे बांधावे आणि कसे द्यावे याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे कार्यकारिणीने सुचवले. माझे म्हणणे एवढेच आहे की भेट ज्यात बांधायची ते घेणाऱ्याच्या घरात पुढेही उपयोगी पडेल असे असावे, आणि तसे काही हाताशी नसेल तर भेट सरळ उघडीच द्यावी.

उघडी भेट देण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे खरे तर कारण नाही. ओटी भरताना खण, नारळ आणि तांदूळ सर्वांदेखत पदरात पडतात, लग्नातला आहेर चारचौघांसमोर होतो आणि रुखवत तर पाहुण्यांनी पाहावे म्हणूनच मांडलेले असते. (कोणी काय दिले, याची वही ठेवणारी घरे आपल्याला माहीत आहेतच, त्या वहीविषयी इथे न बोललेले बरे.) झगमगीत छापील कागदात भेट गुंडाळण्याची चाल त्या मानाने अगदी अलीकडची. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत 1917 च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातला साधा पातळ कागद संपला, म्हणून त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक याप्रमाणे विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. पुढे हॉलमार्क या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या दुकानदारीतून आजचा हा धंदा वाढला.

ज्यांना कागदच वापरायचा आहे, त्यांनी तो आधी मुठीत चुरगळून पाहावा. गोळा तसाच राहिला तर तो बहुधा पुनर्वापराच्या डब्यात चालतो. मूठ उघडताच पसरला तर त्यात प्लॅस्टिकचा किंवा धातूचा थर आहे असे समजावे. चमकी लावलेला कागद आणि कागदावरची चिकटपट्टी ही दोन्ही त्या डब्यात नकोत.

कापडाकडे मात्र मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण आपल्या कपाटांत ते मुबलक पडून आहे. हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी फिरतात आणि घडी न मोडता कधीकधी मूळ मालकिणीकडे परततात, हा अनुभव या सभागृहात कोणाला नसेल असे वाटत नाही. हेच कापड बांधणीला घ्यावे. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधून नेण्याची जुनी पद्धत आहे, तिला फुरोशिकी म्हणतात; 2006 मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी करवून घेऊन तिचा मुद्दाम प्रचार केला होता. आपल्याकडचे गाठोडे आणि बोचके याच जातीचे, फक्त त्यांना कोणी प्रतिष्ठा दिली नाही.

हिशोब सोपा आहे. कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या तिप्पट असावा. म्हणजे 25 सेंटिमीटरच्या पुस्तकाला साधारण 53 सेंटिमीटरचा चौरस पुरतो, आणि ब्लाउजपीसमधून 80 सेंटिमीटरचा चौरस निघाला तर त्यात स्टीलचा मोठा डबासुद्धा बसतो. कापड उलटे पसरून वस्तू मधोमध तिरकी ठेवावी, समोरासमोरची दोन टोके वस्तूवर घेऊन आत दुमडावीत आणि उरलेली दोन टोके वर आणून गाठ मारावी. दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने घेतला की गाठ आडवी आणि सपाट बसते; त्याच दिशेने घेतला की ती उभी राहते आणि घसरते. घेणाऱ्याला कात्री शोधावी लागेल अशी निरगाठ मारू नये. गुळेदगुड्डचा खण वापरणार असाल तर त्याचे काठ गाठीपाशी दिसतील असे बांधावे, कारण त्याची सगळी शोभा काठातच असते. निसरड्या रेशमापेक्षा सुती कापडाची गाठ चांगली धरते, हे मात्र लक्षात ठेवावे.

तिळगुळासाठी पुडीच उत्तम. वाण्याच्या दुकानात कागदाचा शंकू करून, वरचे टोक आत दुमडून, रिळाच्या दोऱ्याचे दोन वेढे झटकन देऊन बांधलेली पुडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे शिकवावे लागणार नाही. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. मात्र वर्तमानपत्र खाद्यपदार्थाला लागू देऊ नये. छपाईच्या शाईमुळे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच तशी सूचना दिली आहे, म्हणून आत बेकिंगचा कागद घालावा. बाहेरून शोभेला सरलेल्या वर्षाच्या कालनिर्णयाचे पान लावता येते. ज्याला भेट द्यायची त्याच्या वाढदिवसाच्या महिन्याचे पान निवडले तर पुडी उघडल्यावरही तो कागद लगेच टाकला जात नाही, आणि पाठीमागे पाककृती असेल तर मुळीच नाही.

खोक्याला खाकी कागद लावताना आपण दोन्ही बाजूंना उगाच फार कागद सोडतो. खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट एवढा कागद प्रत्येक टोकाला पुरतो. वर सुतळी आणि तुळशीची किंवा रोझमेरीची एक डहाळी खोचली की झाले.

फराळ किंवा लोणचे जॅमच्या धुतलेल्या बरणीतून द्यावे आणि बरणी परत नको आहे हे तोंडाने सांगावे. ते सांगितले नाही, तर रिकामे भांडे परत करायचे नाही या आपल्या रीतीमुळे समोरच्या घरावर उगाच काहीतरी करून भरून पाठवण्याचे ओझे पडते. कापडाच्या बाबतीतही तसेच. ते ठेवायचे की परत द्यायचे, हे स्पष्ट बोलावे.

या वर्षीच्या हळदीकुंकवाला सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडायचे ठरले आहे. ज्यांच्याकडे जादा ब्लाउजपीस, जुन्या सुती साड्या किंवा ओढण्या असतील त्यांनी त्या धुऊन, इस्त्री करून आदल्या शनिवारी आणाव्यात. चौरस कापायला आणि कडा दुमडून शिवायला आपल्यातल्या काही भगिनी मशीन घेऊन येणार आहेत, आणि ज्यांना गाठ बांधायला शिकायचे आहे त्यांनी येताना घरातला एखादा डबा किंवा जाड पुस्तक सोबत आणावे.