घर शोधणाऱ्याला पोर्टलनी आधी काय विचारायला पाहिजे

नमस्कार मंडळी. आज इथे दोन प्रकारची लोकं बसलीयेत, काही जण पुण्यात घर शोधतायत आणि काही जण सॉफ्टवेअरमधले आहेत, ज्यांच्या हातून घर शोधायची ॲप्स बनतात किंवा उद्या बनतील. मी दोघांशी बोलतोय, पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांशी जरा जास्त.

कुठलंही पोर्टल उघडा, एरिया कुठला, किती बीएचके, बजेट किती, हेच विचारतं. आता हे बजेटच घ्या. माणूस ६० लाख टाकतो, समोर ६० लाखाचे अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट येतात, फोटो बघून घरात सगळे खूश. मग त्यावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख. झाले ६७ लाख ५० हजार, आणि यात पार्किंग, मेंटेनन्सचं डिपॉझिट काही धरलेलं नाही. बरं, कर्ज किती मिळणार? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखातल्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ४८ लाख कर्ज, १२ लाख स्वतःचे, वर हे साडेचार लाख, असे साडेसोळा लाख तरी हातात पाहिजेत, जीएसटीचं वेगळंच. हे बऱ्याच लोकांना टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, दिल्यावर कळतं हो, आणि मग आईचे दागिने, वडिलांचा पीएफ, मित्राकडून उसने असं सुरू होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला प्रश्न बदला. हातात रोख किती आहे, महिन्याला हप्ता किती झेपेल, घर कोणाच्या नावावर घेणार. शेवटचं का विचारायचं, तर महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ६० लाखावर सरळ ६० हजार वाचतात. ही तीन उत्तरं घ्या, सगळा हिशोब तुम्ही करा आणि जे घर खरंच परवडणारे तेवढंच दाखवा. रेडी पझेशनला, कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालेलं असेल तर जीएसटी लागत नाही, हा फरक पण तिथल्या तिथे दिसू दे.

क्षेत्रफळाचा घोळ तर विचारू नका. कोणी कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा लिहितं, कोणी बिल्टअप म्हणजे भिंतींसकट, कोणी सेलेबल म्हणजे जिना-लिफ्टचा वाटा धरून, आणि फिल्टर सगळ्यांना एकाच मापात बसवतो. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणारा कायदा, त्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. महारेरा म्हणजे त्या कायद्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण, त्याच्या साइटवर आकडा चौरस मीटरमध्ये असतो, पोर्टलवर चौरस फुटात. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४६ फूट. हा गुणाकार ग्राहकानं मोबाइलवर का करत बसायचा?

आणि महारेरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट, दोन्ही असलं की प्रोजेक्टची नोंदणी लागते, त्या पानावर पझेशनची तारीख, ती किती वेळा पुढे गेली, मंजूर प्लॅन, सर्व्हे नंबर, सगळं असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा झाला, चांगली गोष्ट झाली. पण मी जाहिरात मोबाइलवरच बघतोय तर त्याच मोबाइलनी त्यातला कोड स्कॅन कसा करू? साधी लिंक द्या ना. दाबलं की पान उघडलं पाहिजे.

त्या सर्व्हे नंबरवरून पुढची वाट निघते आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च आहे, फुकट. वर्ष, गाव, सर्व्हे नंबर टाकला की इंडेक्स टू दिसतो, म्हणजे त्या जागेवर कुठला फ्लॅट कितीला रजिस्टर झाला ते. मागितलेला भाव आणि खरंच झालेला भाव, दोन्ही शेजारी दिसले तर घासाघीस करताना माणसाच्या हातात काहीतरी असेल की नाही? नावं लपवा, ती कोणाला नकोयत, पण मजला, क्षेत्रफळ, रक्कम, तारीख दाखवा. माहिती सरकारी आहे, उघडी आहे, फक्त चार ठिकाणी विखुरलेली आहे आणि ती गोळा करायचं काम आपण नोकरी सांभाळून घर शोधणाऱ्यावर टाकलंय.

बाकी मग पाणी. वाघोली, उंड्रीकडे घर बघताना जिम आहे का हे कळतं, उन्हाळ्यात टँकर किती येतात हे नाही कळत, आणि तो खर्च दर महिन्याला मेंटेनन्समधून जातो. हिंजवडीचं अंतर किलोमीटरमध्ये सांगून काय उपयोग, सकाळी ९ ला किती वेळ लागतो ते सांगा. आणि हे सगळं मराठीत पण द्या. पैसे बऱ्याचदा आईवडिलांच्या निवृत्तीतले असतात, सातबारा मराठीत, इंडेक्स टू मराठीत, आणि घर शोधायचं तेवढं इंग्रजीत, त्यांनी का म्हणून मुलाच्या खांद्यावरून बघायचं?

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीये, जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट असेल तर काय. चांगला प्रश्न आहे. २०१७ च्या आधी पूर्ण झालेल्या बिल्डिंगला महारेरा नंबर नसणार, तिथे तीन गोष्टी लिस्टिंगवर याव्यात असं मला वाटतं, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, आहे का, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, किंवा बिल्डरनं ते केलं नाही तर सरकारकडून होणारं डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का, आणि सोसायटीच्या सभासदाचं शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्याच नावावर आहे का. विकणाऱ्यानं हो किंवा नाही टिक करायचं आणि नाही असेल तर तसंच दिसू द्यायचं. ताई, तोपर्यंत तुम्ही ही तिन्ही कागदं सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन स्वतः बघा, टोकन द्यायच्या आधी.