मोठ्यांच्या पिंजऱ्यात नवं पिल्लू

नमस्कार श्रोतेहो.

घरी बजी आहेत म्हटलं की लगेच विचारणा होते, "म्हणजे लव्हबर्ड ना?" बाजारात सगळे तेच नाव घेतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपले बजी, म्हणजे हे राळे टिपणारे चिमुकले पोपट, ऑस्ट्रेलियातले. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि पुढे ते घरोघरी झाले. या दोघांना एका पिंजऱ्यात मुळीच घालू नका. लव्हबर्डची चोच बजीचा पाय जायबंदी करते.

आता तुमच्याकडून आलेला मूळ प्रश्न. घरात चार वर्षांची जोडी आहे आणि लेकीनं हट्टानं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. मोठे त्याला मारतील का?

माझ्या मते भीती वयाची नाही, मटकीची आहे, म्हणजे अंडी घालायला पिंजऱ्यात लावलेल्या छोट्या मडक्याची.

वयातलं अंतर बजींना जन्मापासून ठाऊक असतं. मादी एक दिवसाआड अंडं घालते आणि सुरुवातीपासूनच उबवायला बसते. अंडं अठराएक दिवसांनी फुटतं. सहा अंडी असतील तर थोरल्याचे डोळे उघडून पिसं फुटू लागतात, तेव्हा धाकटं उघडंनागडं, मटकीच्या तळाशी. तरी सगळी एकत्र वाढतात. पण तीच मादी मटकी राखायला लागली की परक्या पिल्लाचं डोकं रक्तबंबाळ करते. पुढच्या अंड्यांची घाई झाली तर स्वतःच्या बाहेर पडलेल्या पिल्लांनाही सोडत नाही. तेव्हा बिचारा बापच त्यांना भरवत असतो. म्हणून नवं पिल्लू यायच्या आधी मटकी काढून ठेवा.

पण आणलेलं खरंच पिल्लू आहे का, हेही बघा. पिल्लाच्या कपाळावर काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत असतात आणि डोळा पूर्ण काळा. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. लाल डोळ्यांच्या पिवळ्या नि पांढऱ्या बजींत मात्र या रेघा दिसत नाहीत. मी एकदा "पिल्लू" म्हणून घेतलेल्या पक्ष्याचं कपाळ स्वच्छ होतं आणि नाकपुड्यांची पट्टी तपकिरी, खरबरीत. चांगली जाणती मादी! आठवड्यात तिनं पिंजऱ्याचा सातबारा आपल्या नावावर केला.

नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पोपटांचा एक ताप वरून दिसत नाही आणि तो माणसालाही होतो. याच महिन्यात पिल्लू स्वतः खातंय का ते कळतं. वाटी भरलेली दिसली म्हणून फसू नका. बजी दाणा सोलून टरफल तिथंच टाकतात. रोज फुंकर मारा, मग खाली राळे किती उरलेत ते दिसेल. भरल्या वाटीपुढं पक्षी उपाशी राहिल्याचं मी पाहिलंय.

मग आठवडाभर दोन पिंजरे शेजारी. सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल अशा वेळी, एकत्र करा. त्याआधी दांड्या आणि वाट्यांच्या जागा बदला, म्हणजे जुन्यांनाही घर नवं वाटतं. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, वाट्या दोन टोकांना दोन. रात्री प्रत्येकाला सगळ्यात वरची दांडी हवी असते. भांडणं तिथंच पेटतात. तेव्हा वर एकाच उंचीवर दोन दांड्या लावा. थोडी चोचाचोची चालेल. रक्त दिसलं, किंवा एखादा वाटीजवळ फिरकेनासा झाला, तर लगेच वेगळं करा.

आणि कधीकधी त्रास उलटाच असतो. आमचा नर आता सात वर्षांचा आहे. उडणं कमी झालंय, म्हणून त्याच्यासाठी खाली एक जाडसर दांडी लावली आहे. नवं पिल्लू दिवसभर त्याची शेपटी ओढतं, भरव म्हणून मागं लागतं. म्हातारा भरवतोही. मग थकतो. दुपारी दोन तास मी पिल्लाला जुन्या पिंजऱ्यात नेऊन ठेवतो. ते तिथून ओरडत राहतं आणि हा इकडे एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपतो.