उतारावरची सायकल

नमस्कार श्रोतेहो. मेळघाटातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायला निघणाऱ्यांसाठी आज बोलतो आहे. चिखलदरा 1100 मीटरच्या वर, आणि परतवाडा 400 च्याही खाली. चढताना दम लागतो, हे कोणीही सांगेल. मला उताराबद्दल बोलायचं आहे, कारण माणूस पडतो तो उतारावर.

ब्रेक दाबा आणि सोडा. दाबा आणि सोडा. सतत दाबून धरलात की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

आता तो किस्सा. घाटात शहरातली चार पोरं भेटली. एकाची सायकल ऐंशी हजारांची, डिस्क ब्रेक, जाड टायर. हँडलला स्पीकर! (जंगलात स्पीकर लावणाऱ्यांबद्दल माझं मत इथं सांगण्यासारखं नाही. घंटी मात्र वाजवा. वळणावर अस्वल दचकलं तर महागात पडतं.) मागून एक गवळी काका आले. काळी जुनी सायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, ब्रेकचे रबर झिजून गेलेले. कॅरिअरला दोरीनं बांधलेली धावड्याची वाळकी फांदी मागं खरडत होती. पोरं हसली. एक म्हणाला, "काका, शर्यत लावता का?"

काका म्हणाले, "नाई बाप्पा. तुमच्यासारखा उतरलो तं खाली जाऊन दुधाचं लोणी विका लागन."

पोरं सुसाट सुटली. तिसऱ्या वळणावर ऐंशी हजारवाला थेट घाणेरीच्या झुडपात! सगळा उतार ब्रेक दाबूनच आला होता. जळका वास सुटलेला, लिव्हर हँडलला टेकलेला. वर, काय झालं म्हणून त्यानं डिस्कला बोट लावून पाहिलं, आणि असा ओरडला की झाडावरची वानरं पळाली. तेवढ्यात फांदी खरडत काका पोचले. खाली उतरले, पोराकडं पाहिलं, सायकलीकडं पाहिलं. "गाडी तं चांगली हाय. थंडी होऊ द्या तिले." मग स्वतःची फांदी सोडून त्याच्या सायकलीला बांधली आणि स्वतःसाठी झाडाखालची दुसरी उचलली. त्या घाटातून ऐंशी हजारांची सायकल मागं पाला ओढत उतरली, आणि स्पीकर बंद होता, हे मला विशेष आवडलं.

काकांची फांदी घेऊन फिरा, असं मी सांगत नाही. पण डोंगरात सायकल चालवायचा हा खेळ ज्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वाढला, तिथं 1976 साली जुन्या सायकलींची उतारावर शर्यत झाली होती. मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे त्यांचीही गत या पोरासारखीच.

तर पुन्हा सांगतो: दाबा आणि सोडा. उतारावर सीटच्या मागं सरका, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवा. पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबू नका, गोट्यांवर तोंडावर पडाल. टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी. पंक्चरचं सामान घ्याच, बाभळीचा काटा टायरची किंमत विचारत नाही.

आणि हा व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. गाभा क्षेत्रात सायकल नेऊ नका. कुठली वाट चालते, ते आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा. नाक्यावरचा माणूस नाही म्हणाला तर वाद घालू नका. गावातून जाताना कोरकू माणसं वाट दाखवतात, बिस्किटांचे कागद मात्र आपले आपण परत आणायचे. आणि ऊन उतरायच्या आत घाट उतरायला लागा. दिवाळीनंतर तिकडं अंधार लवकर पडतो.