भूक मेली, म्हणजे नेमकं काय झालं?

(परिचारिका दिनानिमित्त परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सिस्टर आणि ब्रदर मंडळी, मॉर्निंग संपवून थेट इथं आलेल्या आणि अजून डबा न उघडलेल्या जितक्या जणी असाल, त्यांनी खुशाल डबे उघडा. मी बोलत असताना मेथीच्या भाजीचा वास आला तर मला अजिबात राग येणार नाही. माझं अर्धं काम तिथंच झालं असं समजेन.

माझ्यावरच गेलेली एक गोष्ट आधी सांगते. मी २६ वर्षं एका रुग्णालयाच्या आहार विभागात काढली. रोज अडीचशे-तीनशे ताटं. मधुमेहाचं वेगळं, किडनीचं वेगळं, कुणाचं अळणी, कुणाचं पातळ, कुणाला नळीतून. एखाद्या अळणी ताटात चुकून लोणच्याची फोड गेली तर मला रात्री झोप यायची नाही. आणि ही सगळी ताटं वर गेली, रिकामी होऊन खाली आली, की मग साडेतीनला मी माझा डबा उघडायची. तोवर भूक मेलेली असायची. दोन घास खाल्ले न खाल्ले, डबा बंद.

त्या काळात जिना चढताना धाप लागायची, केस मूठभर गळायचे, मावशींवर विनाकारण खेकसायची. मला वाटायचं, वय झालं, काम फार झालं, आता नोकरीच नको. मग कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी आली. लॅबमधल्या मुलानं रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, नमुना बदललाय बहुतेक, परत रक्त देता का?" परत दिलं. हिमोग्लोबिन ८.१, म्हणजे बरंच कमी. आमच्या फिजिशियननी एवढंच विचारलं, "तुमचा डाएट चार्ट कोण लिहितं?"

म्हणून सांगते, थकवा आला की लगेच त्याला बर्नआउटसारखं मोठं नाव देऊ नका, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात उजव्या आणि डाव्या बाजूला बसलेल्यांपैकी एक बाजू धरा. दुसऱ्यांच्या केसपेपरवर रोज एचबी लिहिणाऱ्या तुम्ही. स्वतःचं शेवटचं कधी बघितलंत?

आता त्या मेलेल्या भुकेकडे वळू. आपल्या भाषेत किती सहज बोलतो आपण, "चहा घेऊन भूक मारली", "भूक मेली आता, राहू दे". पण ती मेली म्हणजे नेमकं काय झालं? १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, शोधलं. ते प्रामुख्यानं जठरातून सुटतं आणि मेंदूला सांगतं, खायला हवं. गंमत अशी, की तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेला ते चढतं आणि तुम्ही नाही जेवलात तरी काही वेळानं आपोआप उतरतं. दारावर आलेला माणूस दोनदा कडी वाजवतो, कुणी उघडत नाही म्हटल्यावर निघून जातो, तसं. त्याचं काम मात्र तसंच राहिलेलं असतं. त्यातच वॉर्डात एखादा पेशंट सिरियस झाला की ॲड्रेनालिन हे ताणाच्या वेळचं संप्रेरक उसळतं आणि उरलीसुरली भूकही दाबून टाकतं. तेव्हा साडेतीनला "मला भूकच नाही" असं जे तुम्ही म्हणता ते खोटं नसतं. पण शरीराला अन्न नको आहे असा त्याचा अर्थ लावू नका.

मग ही भूक परत येते कधी? घरी पोचल्यावर, संध्याकाळी सात वाजता. तेव्हा समोर फरसाणाचा डबा असतो. पुढचं मी सांगायला नको.

आपल्याकडे हे जुन्या लोकांनी फार नेमकं पकडलंय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय' आहे, म्हणजे वेग अडवू नयेत. तिथं तेरा वेग मोजलेत. मूत्र आहे, शिंक आहे, जांभई आहे, भूक, तहान, झोप आहे, श्रमानं लागलेली धाप आहे. आणि अश्रूसुद्धा आहेत. आता एका नाईट ड्युटीत यातले किती तुम्ही अडवता ते बोटांवर मोजा. लघवीला जायला मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या किती जणी आहेत इथं? बघा, मागच्या रांगा हसायला लागल्या. कोविडमध्ये पीपीई किट घालून सहा-सहा तास काढलेल्या तुम्ही, ती सवय किटबरोबर उतरली नाही. मग दर तीन महिन्यांनी लघवीची जळजळ आणि अँटिबायोटिकचा कोर्स. आणि त्याच अध्यायात पुढं म्हटलंय, की मनाचे काही वेग मात्र अडवावेत. लोभ, भय, क्रोध वगैरे. आपण बरोबर उलटं करतो. लघवी अडवतो आणि चौदा नंबरच्या बेडच्या आईवर राग मोकळा सोडतो.

मी एका सिस्टरला असं करताना पाहिलंय. फार गुणी मुलगी, एरवी आवाज चढायचा नाही. त्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "सलाइन कधी संपेल हो?" आणि ही अशी काही बोलली, की सगळा वॉर्ड गप्प झाला. नंतर पॅन्ट्रीत येऊन रडली. मी विचारलं, काय खाल्लंस सकाळपासून? दोन चहा, एक खारी आणि डिस्चार्ज झालेल्या पेशंटनं दिलेला पेढा. प्रसूती वॉर्डात तर तुम्हाला माहितीच आहे, मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, सिस्टरच्या रिकाम्या पोटात दोन्ही! रक्तातली साखर झपकन वर जाते आणि तासा-दोन तासांत खाली येते. अंग गळतं, हात थरथरतात, जीव कावतो. त्या वेळी समोर जो असेल तो सापडतो.

बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञानं न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून वापरात आणला. दिवसभर स्वतःचा दवाखाना आणि रात्री हा मोफतचा, अशी त्याची दिनचर्या होती. म्हणजे त्यानं ज्याचं वर्णन केलं त्याला तो स्वतःही सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा तो आजार आहे असं म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. तिची तीन लक्षणं: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. 'कामाच्या ठिकाणच्या' हे शब्द लक्षात ठेवा. कारण एका सिस्टरकडे तीस पेशंट देऊन वर तिला बदाम खायचा सल्ला देणं ही चेष्टा आहे. मी तुम्हाला नाचणी सांगायला आलेय, पण रिकाम्या जागा भरा असं प्रशासनाला सांगणंही माझं काम आहे, आणि पहिल्या रांगेतली मंडळी ऐकतायत अशी आशा आहे.

चहाबद्दल बोललं की लोक माझ्यावर नाराज होतात, तरी बोलते. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्यानं झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा तसाच असतो, फक्त तुम्हाला कळत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे पाचचा चहा सकाळी दहाला, तुम्ही पडदे ओढून पडता तेव्हा, अर्धा जागाच असतो. नाईटला शेवटचा चहा दोनच्या आत घ्या. दुसरं म्हणजे, चहातली टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. आपले कांदेपोहे बघा. वर लिंबू पिळतो ते काही नुसतं चवीसाठी नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. आणि मग त्याच पोह्यांबरोबर कपभर चहा घेऊन आपण ते घालवतो. तासाभराचं अंतर ठेवा. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणते. तेवढं जमवताना नाकी नऊ येतात, त्यात ही गळती कशाला?

नाईटचं जेवण हा स्वतंत्र विषय आहे. शरीरातल्या घड्याळाचं काम कसं चालतं ते उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्या घड्याळाला तुमची ड्युटी माहीत नसते. रात्री साखर हाताळायची शरीराची ताकद दिवसापेक्षा कमी असते, त्यामुळे दोन वाजता मागवलेली बिर्याणी अंगावर येते. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी घरी करा, भाकरी, उसळ, भाजी, व्यवस्थित. बाराच्या आसपास काहीतरी हलकं, मुगाचं धिरडं किंवा वाटीभर दहीपोहे. पहाटे पोट ओरडलं तर फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू. एप्रनच्या खिशात मावतात आणि बेल वाजली तर अर्धवट टाकून पळता येतं. सकाळी घरी जाऊन थोडं खा आणि झोपा. उपाशी झोपलात तर अकरालाच जाग येते.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. पोळी-बटाट्याच्या भाजीच्या डब्यानं हे गणित सुटत नाही. आणि उपास. करू नका असं मी म्हणणार नाही, माझी आईच मला घरात घेणार नाही. पण चतुर्थीला ड्युटी असेल तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, तो निव्वळ पिष्ट, म्हणजे स्टार्च आहे. दाण्याचं कूट हात सोडून घाला, सोबत दही घ्या, वरई-राजगिरा आणा.

शेवटी एका वॉर्डातली गोष्ट. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवायच्या वहीत एक रकाना वाढवला: 'जेवली का?' ड्युटी संपताना प्रत्येकीनं लिहायचं. पंधरा मिनिटं एकीचे बेड दुसरीनं बघायचे, मग उलट. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं 'हो'. इन्चार्जना संशय आला, कारण पॅन्ट्रीतल्या बेसिनमध्ये एकही डबा विसळलेला दिसायचा नाही. त्यांनी रकान्याचं शीर्षक खोडून लिहिलं: 'काय जेवली?' त्यानंतर दोन दिवस वहीत 'चहा', 'चहा, टोस्ट', 'वेळ नाही' असलं खरं खरं यायला लागलं. ती पानं घेऊन त्या मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे गेल्या. महिन्याभरानं दुपारच्या पाळीला एक जास्तीची सिस्टर मिळाली. मी शेवटची वही बघितली तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'दोन पोळ्या, मटकी. कोशिंबीर बारा नंबरच्या आजींनी संपवली.'

नाईटला जायचंय त्या निघा आता. प्रश्न असतील तर मी जेवणाच्या हॉलमध्ये बसलेय.